पहिल्या मिनिटाचा धूर

१

रोज सकाळी सव्वासहाला मी गाडीच्या मागे उकिडवी बसायचे. एका हातात पांढरं फडकं, दुसऱ्या हाताने ओढणी नाकावर दाबलेली. पुढे हे चावी फिरवायचे. गाडी दोनदा घसा खाकरायची, तिसऱ्यांदा धरायची, आणि नळीतून धुराचा पहिला भपकारा निघायचा तो थेट माझ्या तोंडावर. फडकं नळीसमोर धरून मी दहा आकडे मोजायचे. मग ओढणी बाजूला करून वास घ्यायचा आणि तो मिस्त्रींना सांगायचा, एवढं माझं काम.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मिस्त्रींना नाक नव्हतं. म्हणजे नाक होतं, चांगलं भरघोस होतं, पण वास येत नव्हता. तीस वर्षं पेट्रोल हुंगून मेलं, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी, चार पत्रे ठोकून केलेलं. साठीचा माणूस, पण बोलायला लागला की विशीतला.

"डोळे माझे, नाक तुमचं, वहिनी," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "लेकुरवाळ्या बाईचं नाक कुत्र्याहून तिखट असतं. राग मानू नका."

"मानला तर?"

"तर दादांना बसवा मागे. पण त्यांना स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही, धुराचा काय येणार!"

हे स्टिअरिंगवरूनच ओरडले, "मिस्त्री, मी ऐकतोय!"

"ऐकू येतंय ना? मग कान ठीक आहेत. नाकाचंच बोललो मी."

गाडी यांच्या थोरल्या भावाची. नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभी होती. भाऊजींनी ती तशीच देऊन टाकली, ठकूसाठी. ठकू म्हणजे आमची मुलगी, सव्वा वर्षाची. तिला जन्मापासून दम लागतो. दोनदा श्वास अडकला. दुसऱ्या वेळी रिक्षा मिळेपर्यंत तिचे ओठ जांभळे पडले होते. "आणखी दहा मिनिटं गेली असती तर..." असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी रोज पुरं करते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कधीही.

तेव्हा ती गाडी म्हणजे आमच्यासाठी ती दहा मिनिटं होती. गाडी म्हणून मला ती कधीच आवडली नाही. सीटचं रेक्झिन चिकट झालेलं. हात टेकला की काढताना 'चप्' असा आवाज यायचा, ओठ उघडल्यासारखा. मी गरम पाणी आणि सोडा घेऊन तीनदा घासून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट फिरवावं तर पुन्हा तेच, आतून पाझरल्यासारखं. त्या पातळ पिवळ्या थराखाली काय असेल हा विचार मी करत नव्हते. बोट मात्र साडीच्या फडक्याला पुसून पुसून लाल व्हायचं.

हे गाडी उलटी लावायचे, तोंड रस्त्याकडे आणि पाठ आमच्या खोलीच्या खिडकीकडे. कधी धावावं लागलं तर वळवण्यात वेळ जायला नको म्हणून. त्यामुळे नळीचं तोंड बरोबर खिडकीखाली यायचं. आणि खिडकीच्या आत ठकूची खाट.

२

"धूर म्हणजे गाडीची थुंकी," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर थुंकी बघतो, मी धूर बघतो."

मी नाक मुरडलं. पण ऐकून घेतलं.

काळा धूर आला तर गाडी पेट्रोल जास्त खातेय. पांढरा आला आणि वास गोडसर असला, तर इंजिनात पाणी शिरतंय. मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायचं, आणि इतक्या जुन्या गाडीचे भाग मिळेपर्यंत महिनाभर गाडी उभी. निळा आला तर तेल जळतंय. त्यातही चालताना सतत निळा असला तर काम मोठं. फक्त सकाळी पहिल्या मिनिटाला आला आणि मग साफ झाला, तर व्हॉल्व्हची सील गेली.

"सील म्हणजे?"

"बारकी रबरी बुचं. वरचं तेल वर अडवतात. उभ्या गाडीत ती वाळतात, तडकतात. मग रात्रभर थेंब थेंब आत गळतो. सकाळी चावी फिरवली की तेवढं जळून निघतं."

"म्हणजे रात्री आत जे गेलं ते सकाळी बाहेर."

"शाब्बास! दादा, तुमच्याऐवजी वहिनींना ठेवतो मी गॅरेजात."

पहाटेच्या उजेडात निळा आणि पांढरा सारखाच दिसतो, म्हणून नाक लागतं. आणि नऊ वर्षं झोपलेली गाडी पहिले काही दिवस काहीबाही ओकणार, म्हणून सात सकाळी बघायचं. रोज एक नवं फडकं. सातही दोरीवर ओळीने वाळत टाकायची, धुवायची नाहीत. मग मिस्त्री ठरवणार.

शिवाय रोज संध्याकाळी नळीत फडक्याचा बोळा कोंबून ठेवायचा. "उंदीर शिरतात," ते म्हणाले. "नळी म्हणजे त्यांना बंगलाच."

ठकूची जुनी दुपटी मी फाडून ठेवली होती, पुसापुशीला. मऊ, पांढरी, धुऊन धुऊन विरलेली. त्यातलेच सात तुकडे काढले. बोळ्यालाही त्यातलंच एक.

निघताना मिस्त्रींनी चार बोटं वर केली आणि एकेक मिटत मला इंजिनाचं चालणं समजावलं. "एक, हवा ओढते. दोन, दाबते. तीन, पेटवते. चार, फेकते. ओढ, दाब, पेट, फेक. हाच तिचा श्वास. यातलं एक चुकलं की खोकली."

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फुप्फुसांचं चित्र होतं. माझं शास्त्र तिथंच थांबलं. त्यात दोनच बाण होते, एक आत आणि एक बाहेर. हे चाराचं मला नवीन होतं. घरी येऊन पोळ्या लाटतानाही तोंडात तेच बसलं. ओढ, दाब, पेट, फेक.

३

पहिल्या सकाळी फडक्यावर गंजाचं लाल पाणी आलं. दुसऱ्या सकाळी काळे ठिपके, आणि त्यात दोन-तीन बारीक केस.

मिस्त्रींनी बोनेट उघडून हवेच्या फिल्टरचा डबा काढला. आत उंदराचं घरटं होतं. चिंध्या, कापूस, केस, सगळं थुंकीने चिकटवून वाटीसारखं केलेलं. वाटीच्या तळाला पाच पिल्लं. वाळून कागद झालेली, एकमेकांना चिकटलेली, डोळे न उघडलेली. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटली तेव्हा एक करकरीत आवाज आला, पापड मोडल्यासारखा.

"बाळंतपण झालंय इथे," ते म्हणाले. "वासाचं नका विचारू मला, मी सुखी माणूस आहे."

मी सुखी नव्हते. दोन दिवस मला घास गेला नाही. ठकूला अंगावर पाजताना सुद्धा ती पाच तोंडं दिसायची.

डबा धुतला, नवा फिल्टर बसवला. मी मनाशी म्हटलं, घाण होती ती निघाली. आता जे येईल ते साधंच असेल.

तिसऱ्या सकाळी धूर आला. मी दहा मोजले, ओढणी बाजूला केली आणि वास घेतला. वर जळक्या तेलाचा होता, घशाला चिकटणारा. आणि त्याच्या खाली दुसरा. कोमट, आंबूस, गोडसर.

तो मला ओळखीचा होता. इतका ओळखीचा की आधी मी माझ्याच अंगाकडे बघितलं. पाझर लागलाय का, कपडा ओला झालाय का. कोरडा होता.

अंगावर पिऊन झोपलेल्या बाळाच्या तोंडाला येतो, तो वास होता.

ठकू झोपली की मी रोज तिच्या तोंडाशी नाक नेते. श्वास चालू आहे ना बघायला. दिवसातून वीस वेळा तरी. हे मला हसतात. तो वास जगात मला सगळ्यात जास्त आवडतो. आणि तोच उंदरं मेलेल्या त्या गाडीच्या गंजक्या नळीतून गरम गरम येत होता, माझ्या नाकात, घशात. मी कडेला जाऊन ओकले.

"काय येतंय?" मिस्त्री लांबून ओरडले. "गोडसर आहे का? नीट सांगा वहिनी, गोड असला तर हेड उघडतो."

आता हे कसं सांगायचं? परक्या पुरुषाला, उजाडता उजाडता, रस्त्यावर उभं राहून, की गाडीला अंगावरच्या दुधाचा वास येतोय? शिवाय गोड म्हटलं की महिनाभर गाडी उभी. महिनाभर ती दहा मिनिटं नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "तेलाचाच."

मिस्त्रींनी गॅरेजच्या पत्र्यावर खडूने एक रेघ ओढली.

फडकी ठकूच्या दुपट्यांची आहेत, त्यांनाच तो वास असणार, हे मला नंतर सुचलं. किती बरं वाटलं! चौथ्या सकाळी मी यांच्या जुन्या बनियनचा तुकडा नेला. साबणाने दोनदा धुतलेला.

वास तोच होता. आदल्या दिवशीपेक्षा ताजा.

"तेलाचाच," मी म्हटलं.

४

पाचव्या सकाळी नळीतला बोळा दिसेना.

संध्याकाळी मी तो नीट कोंबला होता, अर्धा बाहेर लोंबत ठेवून. आता नुसतं टोक दिसत होतं, बोटभर. मी ते चिमटीत धरून ओढलं. आलं नाही. जरा जोर लावला तर थोडं आलं, आणि पुन्हा आत गेलं.

ठकू झोपताना दुपट्याचं टोक चोखते. ते तोंडातून काढायला गेलं की आधी सोडते आणि मग झोपेतच पुन्हा ओढून घेते. हाताला ती ओढ माहीत असते. मला ती माहीत होती.

मी झटक्याने ओढलं. बोळा सुटून आला. आतलं टोक ओलं होतं, पिळून पिळून अणकुचीदार झालेलं, दशा सुटलेलं. आणि कोमट. गाडी आदल्या सकाळनंतर सुरू झाली नव्हती. पत्रा दवाने गार पडला होता आणि ते टोक मात्र कोमट होतं.

"दव," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते हातात घेऊन खुशाल पिळलं. "रात्री नळी गार होते, आत पाणी सुटतं. गार हवा आकसते, तीच फडकं आत ओढते. शाळेत नाही शिकलात?"

"पण गरम आहे ते."

"तुमचा हात गार असेल."

बरोबर होतं त्यांचं. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर वाटायचं. मी घरी येऊन हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण लावायच्या आधी दोन बोटं एकमेकांवर दाबून हळूच उघडली.

मधे तार आली. बारीक, लवचिक, तुटेपर्यंत चमकत राहिलेली.

दवाला तार येत नाही.

५

एक गोष्ट सांगायला हवी. गाडी आल्यापासून ठकूची तब्येत सुधारली होती.

रात्रीची घरघर थांबली होती. छातीत मांजर बसल्यासारखा जो आवाज यायचा तो गेला. ती उताणी, हातपाय पसरून, शांत झोपायची. इतकी शांत की मी उठून उठून बघायचे.

"गाडीचा पायगुण बघ," हे म्हणाले.

"गाडीला पाय असतात का?"

"चाकगुण म्हण मग. पण तू आधी काळजी करायचं थांब. पोर आजारी असलं तरी जागी, बरं असलं तरी जागी."

मी हसले. पण सकाळी गाडी सुरू होण्याच्या वेळेला ती खोकायची, हे मला आतून ऐकू यायचं. रोज. खिडकी घट्ट लावलेली असायची, फटीला फडकं लावलेलं असायचं. तरी बाहेर भपकारा निघाला की आत खोकला.

सहाव्या सकाळी मी यांच्या पुतण्याला चावी फिरवायला बोलावलं, यांना फडकं धरून मागे बसवलं आणि मी आत ठकूपाशी राहिले. तिचा झबला वर करून छाती उघडी केली. ती झोपेत होती.

बाहेर चावी फिरली. गाडी खाकरली. ठकूने श्वास आत ओढला आणि धरून ठेवला.

गाडी बंद पडली. श्वास धरलेलाच.

मी तिच्या गालावर टिचकी मारली. काही नाही. ओठांची कड निळसर दिसायला लागली.

पुन्हा चावी. पुन्हा खाकरणं. मग गाडीने धरलं, आणि ठकूची छाती आतून कोणीतरी ठोकल्यासारखी एकदा उडाली, आणि तिने श्वास टाकला. लांब, खरखरीत. मग पुन्हा. मी बोटं मिटत मोजत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ओढला. दाबला. उडाली. फेकला. ओढला. दाबला. उडाली. फेकला. एक मिनिट असं चाललं. मग बाहेरचा आवाज एकसारखा झाला आणि तिचा श्वास साधा झाला. तिने डोळे उघडले, मला बघून हसली.

बाहेर मिस्त्री विचारत होते, "दादा, वास कसला?"

"आला. काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"मिस्त्री, मला सर्दी आहे हो!"

"वा. मेलेल्या नाकाच्या जोडीला चोंदलेलं नाक. वहिनींना पाठवा!"

यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, खिडकीखाली एवढा धडधडाट होतो, पोर दचकते. दचकलं की श्वास धरतातच मुलं."

धरतात. मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. त्या दिवशी मी खाट भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

सातव्या सकाळी मिस्त्री निकाल देणार होते. दोरीवर सात फडकी होती. त्यांनी एकेक उजेडात धरलं. कडेला तेलकट तपकिरी कडं, मधे काळे ठिपके. माझी नजर मधल्या कोऱ्या जागेवर जायची. ते कडं गोल नव्हतं. वरची बाजू जरा खोलगट होती, मधोमध एक छोटी खाच, खालची बाजू भरीव. कपाच्या काठावर ओठ उमटतात तशी.

"मिस्त्री," मी म्हटलं, "एक सांगायचं होतं."

"बोला."

त्यांच्या तोंडात बिस्किट होतं. हे शेजारी चहाचा कप घेऊन उभे. पलीकडचा पंक्चरवालाही मान वळवून बघायला लागला. तीन पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही. तेलाचाच वास आहे, हेच."

"सातही दिवस?"

"सातही दिवस."

"मग सील," मिस्त्री म्हणाले, आणि पत्र्यावरच्या सात रेघा त्यांनी तळहाताने पुसून टाकल्या.

६

दुसऱ्याच दिवशी सील बदलली. संध्याकाळी मी ठकूला कडेवर घेऊन गॅरेजात गेले तेव्हा जुनी आठही सील एका डब्याच्या झाकणात पडली होती.

"बघा तुमचे गुन्हेगार," मिस्त्री म्हणाले.

बोटाच्या पेराएवढी काळी रबरी टोपणं, टोकाला बारीक भोक. कडक झालेली, बुळबुळीत तेलाने माखलेली. ती बघून मला ठकूच्या दुधाच्या बाटलीचं निपल आठवलं आणि मी तो विचार गिळायच्या आत ठकू वाकली आणि तिने हात पुढे केला. तोंड आधीच उघडलेलं.

मी तिला मागे खेचलं. ती रडली नाही. त्या झाकणाकडे बघत नुसती ओठांनी चुपुचुपू करत राहिली.

"भूक लागलीय तिला," मिस्त्री म्हणाले.

मी एक सील चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. त्याच्या मानेवर खुणा होत्या. वरून दोन, खालून दोन, शेजारी शेजारी. ठकूला वरचे दोन आणि खालचे दोन दात आलेत. तिच्या बाटलीच्या निपलवर नेमक्या अशा खुणा आहेत.

"रबर वाळलं की असंच चिरतं," मिस्त्री म्हणाले.

"आठही असेच चिरलेत?"

त्यांनी झाकण जवळ घेतलं. डोळे बारीक करून एकेक सील उलटंपालटं केलं. पहिल्यांदाच त्यांना लगेच कारण सुचलं नाही. मग त्यांनी झाकण कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं आणि हात पुसले.

"नवी बसवलीत, घट्ट," ते म्हणाले. "आता आतलं आत, बाहेरचं बाहेर. धुराचा दोरासुद्धा दिसणार नाही. पैजेवर सांगतो."

७

आणि दिसला नाही.

सकाळी मी सवयीने मागे बसले. यांनी चावी फिरवली. खाकरणं नाही, खोकणं नाही, पहिल्याच फटक्यात गाडीने धरलं. मी दहा मोजले, मग वीस. फडकं पांढरं शुभ्र. ओढणी काढून वास घेतला. काही नाही. तेल नाही, दूध नाही. गरम हवा, बस.

"आहे का?" यांनी विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

हे गाडीतून उतरून लहान मुलासारखे नाचले. "बघ! बघ म्हणत होतो!" मिस्त्रींना सांगायला गल्लीच्या तोंडाकडे पळाले सुद्धा, गाडी तशीच चालू ठेवून.

मी फडकं हातात घेऊन आत गेले. मला कसं हलकं वाटत होतं. आता चांगला आलं टाकून चहा करू असं मनात होतं.

आज ठकू खोकली नव्हती.

ती खाटेवर बसली होती. भिंतीला टेकून, ताठ, पाय पसरून. अशी ती कधी बसत नाही. माझ्याकडे बघत होती. तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले, घास तोंडात धरून ठेवते तसे.

"काय खाल्लंस गं? दाखव. आऽ कर."

मी तिचे गाल दाबले. ओठ उघडले, आणि आतून एक बारीक निळसर दोरा निघाला. सरळ वर गेला नाही. हनुवटीवरून खाली उतरला, झबल्यावरून, चादरीवरून, हळूहळू, खिडकीच्या दिशेने.

मी हातातलं फडकं तिच्या तोंडावर दाबलं. का, ते मला माहीत नाही. हाताला सवय लागली होती. दहा आकडे सुद्धा मोजले असतील मी. उचललं तेव्हा त्यावर तेलकट तपकिरी कडं होतं. वर छोटी खाच, खाली भरीव. मधे काळे ठिपके.

मग तिला उबळ आली आणि श्वास अडकला.

८

दहा मिनिटं. त्यासाठीच तर आणली होती गाडी.

मी मागच्या सीटवर, ठकू मांडीवर. माझी मांडी रेक्झिनला चिकटत होती. माझी किंकाळी ऐकून हे गल्लीच्या तोंडावरून पळत आले होते, तेच चालवत होते. गाडी इतकी सुरेख कधी चालली नव्हती.

गाडीच्या दारातून आत शिरल्याबरोबर तिचा श्वास सुटला होता. ओठ गुलाबी झाले होते. यांनी आरशातून बघितलं. "कशी आहे?"

"घेतेय श्वास."

"साधा?"

माझा हात तिच्या छातीवर होता. ओढ. दाब. पेट. फेक. सीटखालून येणारी थरथर आणि हाताखालची थरथर यांत मला फरक लावता येईना.

चौकात एक हातगाडी आडवी आली. यांनी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली.

माझ्या हाताखाली सगळं थांबलं. दाबलेलं, आतच. ठकूचे डोळे माझ्यावर होते, उघडे, आणि पापणी हलत नव्हती.

"सुरू करा."

"करतोय. हातगाडी तर जाऊ दे."

"आधी सुरू करा!"

माझा आवाज ऐकून त्यांनी मागे न बघता चावी फिरवली. इंजिनाने धरलं. छाती एकदा उडाली. पापणी हलली.

दवाखान्याचं फाटक आलं. पोर्चची पायरी आली. काचेचं दार दहा पावलांवर, आतली नर्स सुद्धा दिसत होती, फोनवर बोलणारी. पहारेकरी पुढे येऊन काचेवर टकटक करत होता, "ओ भाऊ, इंजिन बंद करा, पेशंट उतरवा."

"आलो बघ," हे म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आनंदाने. "पोहोचलो आपण. वेळेत पोहोचलो."

त्यांचा हात चावीकडे गेला.

मी पुढे झुकून त्यांचं मनगट धरलं.

"अगं, काय करतेस? सोड."

"बंद नका करू."

"वेडी झालीस का? उतर ना पोरीला घेऊन!"

मी दार उघडून एक पाय खाली टाकला. ठकूचं डोकं दाराच्या चौकटीबाहेर आलं, आणि छाती थांबली. मी पाय आत घेतला. छाती उडाली. पुन्हा एकदा करून बघण्याची माझी छाती झाली नाही.

पहारेकरी शिट्टी वाजवायला लागला. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती, हॉर्न देत होती. यांचं मनगट माझ्या मुठीत तापलं होतं. त्यांच्या खांद्यावरून मला पेट्रोलचा काटा दिसत होता. तो लाल रेघेला टेकला होता.

ठकूने माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. मी सवयीने तिच्या तोंडाशी नाक नेलं. दिवसातून वीस वेळा नेते तसं.

तेलाचाच होता.